दोरीच्या पलीकडे कोण आहे?

आधी तुमची उंची कमी करू या. साडेपाच फुटांवरून थेट सव्वाचार फुटांवर. वय नऊ. मुलगी. दोन वेण्या घालायच्या की केस मोकळे सोडायचे, ते तुमचं तुम्ही ठरवा; पण पायांत चालायचे बूट हवेत, कारण आज 1796 पासून 1965 पर्यंत चालायचं आहे. आणि नऊ वर्षांच्या मुलीला कोणी अहो-जाहो करत नाही, तेव्हा परत मोठे होईपर्यंत तुम्ही ‘तू’.

उंची कमी करायला कारण आहे. लेकीकडे नाहीतर मुलाकडे अमेरिकेला गेलेली आपली माणसं नातवंडांना घेऊन न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, वॉशिंग्टन अशी त्रिस्थळी यात्रा करतात. मोठ्यांना पुतळा अख्खा दिसतो आणि फोटोत मावतो. मुलांना दिसतात रांगेतल्या लोकांच्या पाठी, कठडे आणि अडवायला लावलेल्या दोऱ्या. पाचव्या मिनिटाला “झालं का बघून?” सुरू होतं. त्यात पोरांचं काही चुकत नाही. आपण त्यांना भांडण मिटल्यानंतरची जागा दाखवतो, धुऊनपुसून ठेवलेली. भांडण चालू असतं तेव्हा मुलं जागची हलत नाहीत, हे कुठल्याही सोसायटीच्या आवारात बघून घ्या.

म्हणून आज ऐन भांडणात जायचं. नियम दोनच. पहिला, तुला कोणी बघू शकत नाही, त्यामुळे तुला कोणी अडवणार नाही. दुसरा, प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारायचा: दोरीच्या पलीकडे कोण आहे? दोरी कधी खरीखुरी असेल, कधी नुसताच कायदा असेल. चल.

फिलाडेल्फिया, 21 मे 1796

शनिवार आहे. हवेत घोड्यांच्या लिदीचा वास. तू हाय स्ट्रीटवर उभी आहेस. पुढे याला मार्केट स्ट्रीट म्हणतील. समोर विटांचं तीन मजली घर. वॉशिंग्टन शहर अजून बांधून व्हायचंय, म्हणून देशाची राजधानी सध्या इथे आहे आणि या घरात राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन राहतात. आत पानं वाढली आहेत, जेवणं चालू आहेत.

तू खिडकीकडे बघू नकोस, दाराकडे बघ. विशीतली एक बाई बाहेर पडते आहे. तिचं नाव ओना जज. मार्था वॉशिंग्टन यांचं शिवणटिपण करायचं, त्यांना कपडे घालायला मदत करायची, हे तिचं काम. पगार नाही, कारण ती त्यांच्या मालकीची आहे. तिला नुकतंच कळलंय की मार्थाबाईंच्या नातीला लग्नाचा आहेर म्हणून तिला देऊन टाकणार आहेत. तिचं सामान ओळखीच्यांनी आधीच हलवून ठेवलं आहे. घरचे जेवायला बसलेत तेवढ्यात ती निघाली, आणि गर्दीत मिसळली.

इथला एक कायदा तुला सांगायला हवा. बाहेरच्या राज्यातून आलेल्या मालकाने गुलामाला पेनसिल्व्हेनियात सलग सहा महिने ठेवलं, तर त्या गुलामाला सुटका मागता येते. वॉशिंग्टन यांनी त्यावर काढलेला तोडगा तुला लगेच ओळखता येईल, कारण शाळेत याला लबाडी म्हणतात: सहा महिने पुरे व्हायच्या आत गुलामांना राज्याबाहेर फिरवून आणायचं, म्हणजे मोजणी पुन्हा पहिल्यापासून. ओना सापडावी म्हणून वर्तमानपत्रात जाहिरात येईल, 10 डॉलर बक्षीस. ती जहाजाने न्यू हॅम्पशायरला पोचेल. वॉशिंग्टन तिला परत आणायला माणसं लावतील, पण ती यायची नाही. 1848 मध्ये वारली तेव्हाही कायद्याच्या लेखी ती गुलामच होती. फक्त कोणाच्या हाती लागली नाही.

आता एक चौक ओलांड. हे पेनसिल्व्हेनियाचं स्टेट हाउस, ज्याला पुढे इंडिपेंडन्स हॉल म्हणतील. स्वातंत्र्याचा जाहीरनामा वीस वर्षांपूर्वी इथेच मंजूर झाला. मनोऱ्यात टांगलेली घंटा लंडनहून 1752 मध्ये आली आणि पहिल्याच टोल्याला तडकली. इथल्या दोन कारागिरांनी ती वितळवून पुन्हा ओतली. तिच्यावर बायबलमधलं एक वचन आहे: देशभर, सगळ्या रहिवाशांसाठी, स्वातंत्र्याची दवंडी पिटा. त्याखाली राज्याचं नाव आहे आणि त्यात आजच्या स्पेलिंगमधला एक ‘एन’ कमी आहे. तो शोध; मोठ्यांना तो सहसा दिसत नाही.

सगळ्या रहिवाशांसाठी. आणि एका चौकापलीकडून ओना पळून जाते आहे. हे दोन्ही एकाच गावात, एकाच दिवशी. पुढे 1830 च्या दशकात गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्यांनी हेच वचन उचललं आणि या घंटेला ‘लिबर्टी बेल’ म्हणायला सुरुवात केली. तुझ्या काळात ते घर उरलेलं नाही, पण घंटा ठेवलेली इमारत त्या घराच्या जागेला लागूनच आहे. घंटा बघायला निघालेले लोक ओनाच्या दारावरून जातात.

न्यूयॉर्क, जून 1885

बंदरात ‘इझेर’ नावाचं फ्रेंच जहाज लागलं आहे. त्यातून 214 खोकी उतरताहेत. कशात नाक आहे, कशात बोटं, कशात झग्याची चुणी. ‘स्वातंत्र्यदेवता’ पॅरिसहून सुटी करून आली आहे आणि खोकी उघडायची सोय नाही, कारण तिला उभं करायला चौथराच नाही.

झालं असं, की पुतळा फ्रान्सच्या लोकांनी वर्गणी काढून द्यायचा आणि चौथरा अमेरिकेच्या लोकांनी बांधायचा, असं ठरलं होतं. चौथरा पुरा व्हायच्या आधीच पैसे संपले. न्यूयॉर्कचे गव्हर्नर ग्रोव्हर क्लीव्हलँड यांनी आदल्या वर्षीच 50,000 डॉलरच्या सरकारी मदतीला नकार दिला होता. श्रीमंतांनी हात आखडते घेतले. तेव्हा हंगेरीहून आलेला एक संपादक, जोसेफ पुलित्झर, आपल्या ‘वर्ल्ड’ या वर्तमानपत्रातून म्हणाला, कितीही थोडे द्या, तुमचं नाव मी छापीन. गल्लीतल्या गणपतीला वर्गणी दिली की फलकावर नाव लागतं, तसं.

चल, ‘वर्ल्ड’च्या कचेरीत टेबलाशी उभी राहा. तुझी हनुवटी बरोबर टेबलाच्या कडेला लागते. पाकिटं फुटताहेत, नाणी घरंगळताहेत. हे पाकीट आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्टहून, तिथल्या बालवाडीच्या वर्गाकडून: 1 डॉलर 35 सेंट. हे दुसरं काही मुलांचं, आत एक डॉलर. सर्कस बघायला साठवलेले पैसे पाठवतोय, असं त्यांनी लिहिलंय. तू पाठवले असतेस? खरं सांग. ऑगस्टपर्यंत सव्वा लाखाच्या आसपास लोकांनी मिळून एक लाख डॉलरच्या वर रक्कम जमवली. बहुतेकांचा वाटा एका डॉलरपेक्षाही कमी होता. पुतळ्याखालचा तो भलामोठा दगडी चौथरा असा चिल्लर पैशांवर उभा आहे. उद्या कोणी म्हणालं की मुलांनी काय करायचं असतं देशासाठी, तर डॅव्हनपोर्टचं नाव घे.

न्यूयॉर्क, 28 ऑक्टोबर 1886

आज उद्घाटन. पाऊस, धुकं, बोटींच्या शिट्ट्या, तोफांचा धूर. वर बघ. ती हिरवी नाही! ताज्या तांब्याच्या रंगाची आहे. हिरवं व्हायला अजून बरीच वर्षं लागतील. बाहेरचा तांब्याचा पत्रा जेमतेम अडीच मिलिमीटर जाड आहे. आतला लोखंडी सांगाडा गुस्ताव्ह एफेलचा, ज्याचा मनोरा पॅरिसमध्ये अजून उभा राहायचा आहे. तिच्या चेहऱ्यावर फ्रान्सचा झेंडा टाकलाय. शिल्पकार बार्थोल्डी वर दोरी धरून बसलेत. खाली एका सिनेटरचं भाषण चालू आहे. ते श्वास घ्यायला थांबतात, वर वाटतं संपलं, आणि दोरी ओढली जाते. झेंडा सरकतो, तोफा सुटतात, उरलेलं भाषण कोणाला ऐकूच येत नाही. तू हसलीस तरी चालेल. पुतळा देशाच्या वतीने स्वीकारायला राष्ट्राध्यक्ष आलेत. नाव ग्रोव्हर क्लीव्हलँड. होय, तेच.

आता प्रश्न विचार. या बेटावर बायका कुठे आहेत? बार्थोल्डी यांची पत्नी आणि अगदी एखाद-दुसरी पाहुणी सोडली तर कोणीच नाही. गर्दीत बायकांना इजा होईल, हे कारण. मग पाण्याकडे वळ. धुक्यातून एक बोट बेटाला फेऱ्या घालते आहे. तिच्यात मताधिकार मागणाऱ्या स्त्रिया आहेत, त्यांनी ती बोट भाड्याने घेतली आहे आणि त्या भाषणं करताहेत. त्यांचा मुद्दा नऊ वर्षांच्या मुलीलाही कळेल असा आहे: स्वातंत्र्य म्हणून बाईचा एवढा मोठा पुतळा उभा करता, आणि जिवंत बाईला मत देता येत नाही. देशभर तो अधिकार मिळायला 1920 साल उजाडेल.

याच वर्षी मार्च महिन्यात फिलाडेल्फियात कल्याणच्या आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. रमाबाईंनी पुढे 1889 मध्ये ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक मराठीत लिहिलं. ज्या वर्षी या देशाने एका मराठी मुलीला एमडीची पदवी दिली, त्याच वर्षी त्याने आपल्या बायकांना या बेटावर पाय ठेवू दिला नाही. दोन्ही लक्षात ठेव.

आणि जायच्या आधी एक गोष्ट. देवतेच्या पायाशी तुटलेली बेडी आहे. खालून ती नीट दिसत नाही. म्हणून तुला आधीच सांगून ठेवलं.

एलिस आयलंड, 17 एप्रिल 1907

शेजारचंच बेट, अमेरिकेत राहायला येणाऱ्यांच्या तपासणीचं ठाणं. आजचा दिवस इथला सगळ्यात गर्दीचा; एका दिवसात 11,747 माणसं. इटालियन, पोलिश, यिडिश, हंगेरियन, सगळ्या भाषा एकदम कानावर आदळताहेत. बोचकी खाली ठेवून लोक जिना चढताहेत. तूही चढ.

त्यांना वाटतंय, तपासणी वर गेल्यावर होईल. ती चालू झाली आहे. जिन्याच्या माथ्यावर डॉक्टर उभे आहेत आणि कोणाला धाप लागते, कोण लंगडतं, ते बघताहेत. शंका आली की कोटावर खडूने अक्षर. ‘एच’ म्हणजे हृदय, ‘एल’ म्हणजे पाय, ‘ई’ म्हणजे डोळे. पुढे खुपऱ्या तपासायला पापणी उलटी करतात, बुटाची बटणं अडकवायच्या आकड्याने. डोळे मिटून घे हवं तर. तो बघ, एक जण कोट काढून उलटा घालतोय, खडू आत गेला. त्या कोपऱ्यात एक मुलगा आयुष्यात पहिल्यांदा केळं खातोय, सालासकट.

परत पाठवलेल्यांचं प्रमाण 2 टक्क्यांच्या आसपास. ऐकायला किरकोळ वाटतं. पण 1892 ते 1954 या काळात इथून सुमारे 1 कोटी 20 लाख माणसं गेली, म्हणजे 2 टक्के हे दोन लाखांच्या वर होतात. आणि पहिल्या वर्गाचे प्रवासी कुठे आहेत? त्यांची तपासणी बोटीवरच उरकली, बहुतेकांना या जिन्याचं तोंडही बघावं लागलं नाही. दोरी तिकिटाप्रमाणे बदलते.

अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, सॅन फ्रान्सिस्कोजवळ, 1910 मध्ये एंजेल आयलंड नावाचं ठाणं उघडेल. तिथे आशियातून आलेल्यांना, मुख्यतः चिनी लोकांना, आठवडेच्या आठवडे कोंडून ठेवतील. भारतीयही त्यात असतील. चिन्यांनी लाकडी भिंतींवर कोरलेल्या कविता तुझ्या काळातही तिथे आहेत.

वॉशिंग्टन, 30 मे 1922

आता एकाच पायऱ्यांवर तीनदा यायचं आहे. जागा तीच, वर्ष वेगळं.

हे लिंकन मेमोरियल, आज त्याचं लोकार्पण. 36 खांब, लिंकन गेले तेव्हा देशात तेवढी राज्यं होती म्हणून. आत संगमरवरी लिंकन बसलेत. बसून 19 फूट. उभे राहिले तर 28 फूट होतील, असा हिशेब आहे. दगड जॉर्जियाचा, कोरणारे पिचिरिली बंधू इटलीहून आलेले. एका हाताची मूठ आवळलेली, दुसरा हात सैल. उजवीकडच्या भिंतीवर लिंकन यांचं भाषण कोरलंय. त्यात ‘फ्यूचर’ या शब्दाच्या पहिल्या अक्षराकडे निरखून बघ. कारागिराने ‘एफ’ऐवजी ‘ई’ कोरला. मग खालची आडवी रेघ बुजवली, पण खूण राहिलीच.

समोर हजारो लोक. पांढऱ्या केसांचे ते गृहस्थ रॉबर्ट लिंकन, वय 78, अब्राहम लिंकन यांचे चिरंजीव. भाषणं करणाऱ्यांत एकच काळे वक्ते आहेत, टस्कीगी संस्थेचे प्रमुख रॉबर्ट मोटन. त्यांच्या भाषणातली बोचरी वाक्यं आयोजकांनी आधीच कापून टाकली आहेत.

आणि आज दोरी खरीखुरी आहे. काळ्या निमंत्रितांना मागे, मातीच्या रस्त्यापलीकडे, वेगळं बसवलंय. गुलामांच्या सुटकेचा जाहीरनामा काढणाऱ्या माणसाच्या स्मारकासमोर. चांगल्या कपड्यांतली काही माणसं उठून निघून चालली आहेत. त्यांच्याकडे बघ, आजचं सर्वांत चांगलं भाषण ती पायांनी करताहेत.

“मी कुठे बसले असते?” तू विचारशीलच. याचं उत्तर पुढच्या वर्षी मिळेल. फेब्रुवारी 1923 मध्ये सुप्रीम कोर्ट भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सांगेल की भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने ‘गोरा’ नाही, म्हणून त्याला नागरिक होता येणार नाही.

याला अजून एक कडी आहे, ती पुण्याची. अमेरिकेत गुलामगिरी 1865 मध्ये संपली आणि 1873 मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक काढलं. ते त्यांनी अर्पण केलं अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली. हे स्मारक उभं राहायच्या किती तरी आधी त्या लढ्याची मराठीत अशी नोंद झालेली आहे.

वॉशिंग्टन, 9 एप्रिल 1939

ईस्टरचा रविवार, थंडी. त्याच पायऱ्यांवर मायक्रोफोन मांडलेत. मॅरियन अँडरसन या गायिकेला शहरातल्या सगळ्यात मोठ्या सभागृहाने तारीख नाकारली, ती काळी म्हणून. त्या सभागृहाच्या मालक संस्थेच्या सदस्य असलेल्या, राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलेनॉर रूझवेल्ट यांनी राजीनामा दिला, आणि गाणं उघड्यावर, लिंकन यांच्या पायाशी ठरलं. 75,000 लोक आलेत. काळे, गोरे एकमेकांना खेटून उभे आहेत. दोरी शोध. सापडणार नाही.

घराघरांत रेडिओ चालू आहेत. अटलांटात या वेळी दहा वर्षांचा एक मुलगा आहे. पाच वर्षांनी शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत तो आपल्या भाषणात या गाण्याचा दाखला देईल. त्याचं आडनाव किंग.

वॉशिंग्टन, 28 ऑगस्ट 1963

उकाडा. नागरी हक्कांच्या मोर्चाला आलेले अडीच लाख लोक. समोरच्या लांबट तळ्यात पाय सोडून बसलेल्यांच्या रांगेत तुलाही जागा आहे. भूक लागली तर न्यूयॉर्कच्या एका चर्चमध्ये स्वयंसेवकांनी रात्रभर बसून भरलेले 80,000 डबे आलेत, त्यात चीज सँडविच.

मॅरियन अँडरसन आजही गाताहेत. शेवटी मार्टिन ल्यूथर किंग बोलायला उभे राहतात. कागदावरचं वाचत असताना बाजूने गायिका महालिया जॅक्सन ओरडून सांगतात, ते स्वप्नाचं सांगा. ते कागदावरची नजर काढतात. पुढचं तुला शाळेत शिकवतील. तुझ्या शाळेत कदाचित हे सांगणार नाहीत, की चार वर्षांपूर्वी हेच किंग महिनाभर भारतात होते आणि मुंबईला गावदेवीतल्या मणिभवनात, जिथे गांधीजी उतरत, तिथे मुक्कामाला राहिले होते.

प्रश्न विसरलीस? विचार. मुख्य भाषणांच्या यादीत एकाही बाईचं नाव नाही. रोझा पार्क्स इथे आहेत, डोरोथी हाइट इथे आहेत, पण मोर्चात पुढारी बायकांना वेगळ्या रस्त्याने चालवलं. ज्यांनी एक दोरी तोडली, त्यांनीही एक बांधलीच होती. किंग यांना म्हणून कमी लेखायचं कारण नाही. पण दिसलं ते दिसलं.

लिबर्टी आयलंड, 3 ऑक्टोबर 1965

पुन्हा देवतेच्या पायाशी. आता ती हिरवी आहे. मोकळ्या आवारात टेबल, मागे मॅनहॅटन. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन इमिग्रेशनच्या नव्या कायद्यावर सही करताहेत. हा काही क्रांतिकारक कायदा नाही, असं ते म्हणतात. त्यांचा अंदाज चुकला.

भारतीयांना नागरिक होण्याची मुभा 1946 मध्ये मिळाली होती, पण वर्षाला जागा 100. संपूर्ण भारताला. आजच्या सहीने देशादेशांचा तो जुना कोटा जातो. यानंतर डॉक्टर येतील, इंजिनिअर येतील, दादर, पुणे, नागपूर, सांगलीची माणसं येतील, महाराष्ट्र मंडळं निघतील, न्यू जर्सीत गणपती बसतील. तुझ्या घरातलं कोणी अमेरिकेला गेलं असेल तर ते या टेबलावरून गेलं.

आणि दोरी? ती उचलून दुसरीकडे बांधली. मेक्सिकोसह शेजारच्या देशांमधून येणाऱ्यांवर एकूण संख्येची मर्यादा याच कायद्याने पहिल्यांदा आली. तू आत आलीस, त्याच दिवशी कोणीतरी बाहेर गेलं.

आता परत मोठे व्हा

उंची साडेपाच फूट. तुम्ही पुन्हा ‘तुम्ही’ झालात, आणि शेजारी खरोखरची नऊ वर्षांची मुलगी आहे. तिला या जागा दाखवायच्या आहेत. चार कामाच्या गोष्टी सांगतो.

एका दिवसात एकच जागा. वॉशिंग्टनमध्ये दुपारपर्यंत पाच स्मारकं उरकणाऱ्या मुलाला संध्याकाळी फक्त आइस्क्रीम आठवतं. लिंकन मेमोरियलला जायचं तर तिथेच तासभर बसा. चुकलेला ‘ई’ शोधायला लावा. किंग उभे होते ती पायरी शोधायला लावा; 2003 मध्ये तिथे दगडात अक्षरं कोरली आहेत, वाकल्याशिवाय वाचता येत नाहीत आणि मुलं आपल्या आधी वाकतात.

नॅशनल पार्क सर्व्हिसचा ‘ज्युनिअर रेंजर’ हा उपक्रम मुलांसाठीच आहे. तिथल्या केंद्रात पुस्तिका मागून घ्या. मुलं निरीक्षण करून ती भरतात, मग रेंजर त्यांना शपथ देतो आणि बिल्ला लावतो. आजोबांच्या दोन तासांच्या व्याख्यानापेक्षा त्या बिल्ल्यासाठी मुलं जास्त वाचतात.

मूल बारा-तेरा वर्षांचं असेल तर लिंकन मेमोरियलपासून चालत व्हिएतनाम युद्धाच्या स्मारकाकडे न्या. मेलेल्या आणि बेपत्ता झालेल्या 58,000 हून अधिक जणांची नावं तिथे काळ्या ग्रॅनाइटवर आहेत, हुद्द्याप्रमाणे नाहीत, तारखेप्रमाणे. हे स्मारक योजणारी माया लिन तेव्हा 21 वर्षांची विद्यार्थिनी होती आणि तिने 1,421 प्रवेशिकांमधून स्पर्धा जिंकली. कागद-पेन्सिल बरोबर ठेवा. दगडावर कागद ठेवून पेन्सिल घासली की नाव उमटतं. कोणाचं नाव घ्यायचं, ते मुलाला ठरवू द्या.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. मुलांना एकतर देश किती थोर ते सांगायचं किंवा किती दांभिक ते सांगायचं, अशी घाई मोठ्यांना असते. मुलांना दोन्ही एकदम झेपतं. सर्कशीचे पैसे देणारी मुलं खरी आणि बेटाला फेऱ्या घालणारी ती बोटही खरी. तुम्ही फक्त प्रश्न द्या, उत्तर देऊ नका.

मात्र एक आहे. ही सवय एकदा लागली की अमेरिकेपुरती राहत नाही. पुढच्या उन्हाळ्यात तीच मुलगी भारतात आल्यावर महाडला चवदार तळ्याच्या पायरीवर उभी राहील, नाशिकला काळारामाच्या दारात उभी राहील, आणि हाच प्रश्न तुम्हाला विचारेल. तळ्यावर 1927 मध्ये काय झालं, देवळासमोर 1930 मध्ये काय झालं, ते जाण्याआधी वाचून ठेवा. तिथे उत्तर तुम्हालाच द्यायचं आहे.